कायम न झालेलं इतिवृत्त

जर्मनीत दोन मराठी माणसं भेटली की "कसे आहात"च्या आधी "कुठल्या कंपनीत" हा प्रश्न येतो. बॉबलिंगेनच्या आमच्या गणपतीत तर आरतीच्या रांगेतच ही चौकशी उरकली जाते आणि उत्तरावरून माणसाची जागा ठरते. त्सुफेनहाउझेनला मोटारींच्या कारखान्यात असणारा पहिल्या पंगतीला, सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या. माझी पाळी आली की मी सांगायचे, "इंग्लंडमधल्या खेड्यांच्या बंद पडलेल्या कौन्सिलींची इतिवृत्तं वाचते." समोरचा क्षणभर हसू आवरत उभा राहायचा, मग "अच्छा, म्हणजे स्कॅनिंग" असं म्हणून प्रसादाकडे वळायचा.

हो, स्कॅनिंग. सतरा वर्षं तेच केलं. आता निवृत्त झाले आहे, त्यामुळे पंगतीत कुठे बसवतात याची फिकीर उरलेली नाही. या धंद्यात किती शहाणी माणसं किती मूर्खपणा करतात ते सांगायला हरकत नाही. त्यात मीही आले. माझा नंबर तर बराच वरचा आहे.

आमची फर्म बॉबलिंगेनच्या बाहेर, गोदामांच्या ओळीत होती. नाव सांगत नाही, कारण सांगण्यासारखं तिने काही केलं नाही. इथल्या गावांच्या कचेऱ्यांचे जुने कागद मोठ्या यंत्रांवर चढवायचे, प्रत्येक पानाची प्रतिमा घ्यायची आणि ती कॉम्प्युटरवर शोधता येईल अशी लावून द्यायची, एवढंच काम. मग एके दिवशी इंग्लंडमधल्या एका परगण्याच्या दप्तरखान्याचं काम आलं. तिथल्या ग्रामीण कौन्सिलींचे सगळे बांधीव खंड. इंग्रजांचे कागद जर्मनीत का? कारण दप्तरखान्याने काम एका कंपनीला दिलं, तिने दुसरीला, आणि दुसरीने आम्हाला. इतक्या हातांतून काम आल्यावर मुळात कोणाला काय हवं होतं ते कोणालाच आठवत नव्हतं. खोकी ट्रकने आली. कस्टमवाल्याने विचारलं, माल नवा की वापरलेला? ड्रायव्हरने बिनदिक्कत "वापरलेला" लिहून दिलं. त्या सबंध साखळीत विचारला गेलेला तो एकमेव समंजस प्रश्न.

आमचे साहेब हेर क्रॉइत्सर (हेर म्हणजे श्रीयुत, फ्राउ म्हणजे श्रीमती) मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "फ्राउ बर्गे, तुम्ही भारतीय. म्हणजे तुम्हाला जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येत असणार." या माणसाला भारतीय म्हणजे सगळे कोणत्यातरी इंग्रज साहेबाच्या हाताखालून नुकतेच सुटून आलेले वाटत असावेत. मी विज्ञानाची पदवीधर. पण मी हो म्हटलं, कारण एक खरी पात्रता माझ्याकडे होती, जी त्यांना ठाऊक नव्हती. माझे वडील कोरेगाव तालुक्यात ग्रामसेवक होते. मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वाढले. प्रोसिडिंग बुक, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर, ही भाषा मी बाराखडीच्या बरोबरीने शिकले. इंग्रजांचे खंड उघडले आणि पहिल्याच पानावर विषय क्रमांक एक दिसला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या खेड्यात पूर्वी जमीनदार आणि पाद्री मिळून सगळं ठरवायचे. १८९४ साली कायदा झाला आणि लहान गावाला पॅरिश कौन्सिल, तर अशा पुष्कळ गावांवर मिळून एक ग्रामीण जिल्हा कौन्सिल आली. माणसं निवडून यायला लागली. बायकांनाही निवडणुकीला उभं राहता येऊ लागलं. पाणी, गटारं, घरं, कचरा, उकिरडे हे सगळं या ग्रामीण जिल्हा कौन्सिलींनी पाहिलं. मग १९७४ साली वरच्या शहाण्यांना साक्षात्कार झाला की लहान म्हणजे वाईट. ग्रामीण कौन्सिली मोडल्या, शेजारची शहरं त्यांच्यात ढकलली आणि मोठ्या जिल्हा कौन्सिली केल्या. जुनी नावं मिटवून बऱ्याच ठिकाणी नदी-टेकड्यांची नावं ठेवली, म्हणजे कोणाचंच गाव कोणाला सापडू नये. खेड्यांनी ऐंशी वर्षांत जमवलेली घरं, मैदानं, विहिरी नव्या कौन्सिलीला फुकट मिळाली. आयत्या बिळावर नागोबा. इथे जर्मनीतही त्याच सुमाराला गावांची अशीच मोट बांधली गेली. आमच्या घरमालकीणबाई अजून पत्त्यात शहराचं नाव लिहीत नाहीत आणि पोस्टमनशी भांडतात.

पण म्हणून मेलेल्या कौन्सिलींची आरती ओवाळायची गरज नाही. मी त्या वाचल्या आहेत. एका कौन्सिलीत एका शेतकऱ्याच्या शेणाच्या ढिगाऱ्यावर नऊ सभा चालल्या. अशा गोष्टींसाठी त्यांच्याकडे चक्क उपद्रव निरीक्षक नावाचा अधिकारी असे. तो दर महिन्याला जाऊन ढिगाऱ्याची उंची मोजून यायचा. दहाव्या सभेत कळलं, ढिगारा शेजारच्या कौन्सिलीच्या हद्दीत आहे. दुसऱ्या एका गावात बसथांब्याच्या निवाऱ्याचं तोंड कुठे हवं यावर वाद झाला. सूचना आली पश्चिमेला, उपसूचना आली पूर्वेला. दोन्ही पक्षांचं समाधान व्हावं म्हणून शेवटी उत्तरेला ठेवलं, भिंतीकडे. बस आली की नाही ते बघायला लोक निवाऱ्यातून बाहेर पावसात येऊन उभे राहत. एक सभासद तर असा होता की बावीस वर्षं त्याने प्रत्येक ठरावाला विरोध नोंदवला, सभा संपवण्याच्या ठरावालासुद्धा. आमच्या पंचायतीतही असे एक आबा होते. माणसाच्या या जातीला देश नसतो.

माझं काम पान वाचून त्याला नाव देण्याचं. कुठली कौन्सिल, कुठली तारीख, कुठला विषय. टाइप केलेलं यंत्र वाचायचं, हस्ताक्षर आणि सुटे कागद मी. सॉफ्टवेअर आदित्यचं. आदित्य पुण्याचा, पस्तिशीचा, कामाला चोख. त्याचा मुलगा मराठी समजतो पण उत्तर जर्मनमध्ये देतो. आदित्यचं याच्या उलट: त्याला जर्मन समजतं, उत्तर मात्र तो इंग्रजीत देतो आणि त्याला मराठी म्हणतो.

"काकू," तो एकदा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बॉक्समध्ये खूप लूज पेपर्स आहेत. काही फायनल मिनिट्स आहेत, काही नुसते ड्राफ्ट्स. ड्राफ्ट कसा ओळखायचा? सिस्टिमला एक क्लिअर रूल लागतो."

त्यावर मी जे बोलले ते माझ्या वडिलांचं वाक्य होतं. "सही नाही, तो ठराव नाही."

हे वाक्य आमच्या घरी देवघरातल्या श्लोकासारखं होतं. त्याला एक गोष्टही जोडलेली होती. गावाबाहेरच्या वस्तीला नळ द्यायचा ठराव सभेत झाला होता. सरपंच कोणाशी तरी भांडून सही न करताच उठून गेले. वस्तीवरची माणसं तीनदा वडिलांकडे आली. वडिलांनी तीनदा सांगितलं, सही नाही तो ठराव नाही, मी कागद पुढे पाठवणार नाही. मुदत टळली, नळ आला नाही. ही गोष्ट वडील प्रत्येक लग्नकार्यात सांगायचे. नियम म्हणजे नियम, म्हणायचे. आम्ही पोरं मान ताठ करून ऐकायचो.

इंग्रजांच्या सभेतही तीच रीत. एका सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचायचं, सगळ्यांनी बरोबर म्हटलं की अध्यक्षांनी खाली सही करायची. तेव्हा ते कायम होतं आणि खंडात चिकटवलं जातं. तोवर तो नुसता कागद. मी नियम एका ओळीत लिहून दिला: अध्यक्षांची सही नसेल तर तो मसुदा. हेर क्रॉइत्सरनी वाचून टेबलावर थाप मारली. "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. शिक्क्याशिवाय ज्या देशात मेलेला माणूससुद्धा मेलेला मानत नाहीत, तिथे हा नियम आवडायचाच. नियम इंग्लंडला पाठवला. त्याच दिवशी मान्यता आली. कोणत्याही सरकारी खात्याची मान्यता त्याच दिवशी आली, म्हणजे कागद वाचलेला नाही, हे ग्रामसेवकाच्या मुलीला कळायला हवं होतं.

करारात मसुदे परत पाठवायचे नव्हते. त्यांच्यासाठी मोठं खोकं होतं, त्यावर एन्टवुर्फ असं लिहिलेलं, म्हणजे मसुदा. ते भरलं की कागद फाडायच्या यंत्रात जायचं. त्यांच्या प्रतिमासुद्धा ठरलेल्या मुदतीनंतर पुसायच्या, कारण माहितीच्या सुरक्षिततेवर या देशाचं फार प्रेम. आणि यंत्रात गेल्याची रीतसर नोंद करायची. त्याला फेरनिश्टुंग्सप्रोटोकॉल म्हणतात, म्हणजे नष्ट केल्याचा दाखला. शब्द म्हणेपर्यंत कागदाचे तुकडे होतात.

एका कौन्सिलीच्या शेवटच्या खंडात दोन सुटी, टाइप केलेली पानं मिळाली. मार्च १९७४ची सभा. दोनच आठवड्यांनी कौन्सिल मोडणार होती. तरीही आधी त्यांनी एका गटाराच्या झाकणावर चर्चा केली, त्याचं मला कौतुक वाटलं. मग एक ठराव: चर्चच्या मागचं कौन्सिलीच्या मालकीचं मैदान गावच्या मुलांना खेळायला कायम मोकळं ठेवावं, ही अट नव्या जिल्हा कौन्सिलीला कळवावी. सर्वानुमते मंजूर. त्या कौन्सिलीच्या पाच खंडांत "सर्वानुमते" हा शब्द मला तेवढा एकदाच दिसला. आणि शेवटचा परिच्छेद असा होता: टंकलेखिका मिस एम्स यांचे कौन्सिलीने आभार मानले. हा उल्लेख इतिवृत्तातून वगळावा अशी मिस एम्स यांनी विनंती केली. विनंती फेटाळण्यात आली.

मी मोठ्याने हसले. आदित्यला बोलावून वाचून दाखवलं. तोही हसला. मग मी खाली पाहिलं. "अध्यक्ष" असं टाइप केलेलं, पुढे टिंबांची ओळ, आणि टिंबांवर काही नाही.

"ड्राफ्ट," आदित्य म्हणाला.

"ड्राफ्ट," मी म्हटलं आणि दोन्ही पानं खोक्यात टाकली.

वर्ष उलटून गेलं. काम संपलं, संग्रह संपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र आम्ही दिलं, इंग्लंडात आमच्या संग्रहाचं उद्घाटन झालं, कोणीतरी फीत कापली. मग एक पत्र फिरत फिरत आमच्याकडे आलं. दप्तरखान्याने ते कंपनीकडे, कंपनीने दुसरीकडे ढकललं, आणि ज्याच्या पलीकडे ढकलायला कोणी नव्हतं त्याच्या टेबलावर, म्हणजे माझ्या, ते पोहोचलं. पत्र मिसेस हॉबडे नावाच्या बाईंचं. वय चौऱ्याऐंशी. त्या लिहीत होत्या: आमच्या गावचं मैदान जिल्हा कौन्सिल घरं बांधायला विकते आहे. जिल्हा कौन्सिलीचे अधिकारी म्हणतात, मैदानाच्या अटीचा ठराव कधी झालाच नाही. त्यांनी तुमच्या संग्रहात शोधलं, तिथे नाही. संग्रह संपूर्ण आहे असं तुमचं प्रमाणपत्र ते मला दाखवतात. ठराव झाला होता. मला माहीत आहे, कारण तो मी स्वतः टाइप केला होता. तेव्हा माझं आडनाव एम्स होतं.

मी ते आडनाव पुन्हा एकदा वाचलं.

मी आधी प्रतिमा शोधल्या. मुदत संपून पुसल्या गेल्या होत्या. मग ओर्डनर काढला, ती जाड पुठ्ठ्याची फाइल, जिच्याशिवाय या देशात कोणाचाही जन्म पुरा होत नाही. त्यात दाखला होता. खोकं क्रमांक, तारीख, शिक्का. आणि खाली सही. त्या ठरावावर सही नव्हती, पण तो फाडल्याच्या दाखल्यावर होती, व्यवस्थित, वळणदार. माझी.

मग ती गोष्ट डोक्यात शिरली, जी कोणत्याही शाळकरी पोराला कळली असती. एका सभेच्या इतिवृत्तावर सही पुढच्या सभेत होते. कौन्सिल मोडली की पुढची सभा नसते. मग शेवटच्या सभेवर सही करणार कोण? काही हुशार कौन्सिलींनी त्याच संध्याकाळी सही उरकून घेतली होती, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. ही कौन्सिल हुशार नव्हती. ती नियमाने चालणारी होती. आणि नियमाने चालणाऱ्यांचा शेवटचा शब्द मी माझ्या नियमाने कचऱ्यात टाकला होता. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या शेणाच्या ढिगाऱ्यांना हसले, आणि माझा ढिगारा माझ्याच हद्दीत होता.

पत्रात फोन नंबर होता. मी फोन केला. पहिल्या घंटीला उचलला.

"मी जर्मनीहून बोलतेय," मी म्हटलं. "ते कागद मी वाचले होते. दोन पानं होती."

"दोनच," त्या म्हणाल्या. "दुसरं अर्धं. गटाराचं झाकण आधी."

"आधी गटाराचं झाकण. मग मैदान. मग तुमचे आभार."

"मी त्यांना ते वगळायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मिळालं तर. देवाची कृपा."

"नाही मिसेस हॉबडे. आता ते नाहीत. सही नव्हती म्हणून मी ते नष्ट केले."

"सही?" त्या म्हणाल्या. "बाई, सही करणार कोण होतं? आमची कौन्सिल संपली होती."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी दोन्ही मुलं त्या मैदानावर चालायला शिकली. माफीचं मी काय करू?" आणि फोन ठेवला. इंग्रज माणूस उठता-बसता सॉरी म्हणतो, असं आपण ऐकतो. खरी गरज पडल्यावर त्याला त्या शब्दाची किंमत बरोबर ठाऊक असते.

मी हेर क्रॉइत्सरकडे गेले. त्यांनी दाखला दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आल्झो, फ्राउ बर्गे, दाखला आहे. शिक्का आहे. तुमची सही आहे. म्हणजे आपण बरोबर आहोत."

"पण ठराव खरा होता."

"ठराव खरा होता की नाही हा आपला विषय नाही. आपला विषय नियम."

"नियम चुकीचा होता. मीच लिहिला होता."

"आणि त्यांनी मान्य केला. कृपा करून कोणालाही काहीही लिहू नका."

बाहेर आदित्य उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "काकू, टेक्निकली आपली चूक नाहीये. स्पेक त्यांनी साइन-ऑफ केलाय. तुमची रेंटे सहा महिन्यांवर आलीय. कशाला उगाच एस्केलेट करताय?" रेंटे म्हणजे पेन्शन. पोरगं वाईट नव्हतं. माझीच काळजी करत होतं. पण त्याच्या बोलण्यात मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज मला पहिल्यांदाच आवडला नाही.

त्या रविवारी मी कोरेगावला भावाला फोन केला. म्हटलं, "दादा, त्या वस्तीला नळ कधी आला रे?"

"कुठल्या वस्तीला?"

"बाबा सांगायचे ती. सरपंचांनी सही केली नव्हती ती."

"ती होय," दादा म्हणाला. "ती उठून गेली की गं कधीच. ओढ्याच्या झऱ्यावर होती ती माणसं, झरा आटल्यावर कशाला राहतील? कुठं गेली कोणास ठाऊक. आज काय काढलंस हे मध्येच?"

इतकी वर्षं ती गोष्ट ऐकली, अभिमानाने दुसऱ्यांना सांगितली, आणि ती माणसं पाणी कुठून प्यायली हा प्रश्न आमच्या घरात एकालाही पडला नाही. बाबांनाही नाही. मला बाबांचा राग आला. ते असते तर भांडले असते. ते नाहीत, म्हणून पत्र लिहायला बसले.

पत्र मी घरच्या कागदावर, घरच्या पत्त्याने लिहिलं. जिल्हा कौन्सिलीला एक प्रत, मिसेस हॉबडेंना एक, दप्तरखान्याला एक. अमुक महिन्याच्या सभेचे दोन कागद मी स्वतः वाचले. त्यांत हे होतं, हे होतं आणि हे होतं. त्यांवर अध्यक्षांची सही नव्हती, म्हणून मी केलेल्या चुकीच्या नियमामुळे ते नष्ट झाले. तुमचा संग्रह संपूर्ण नाही आणि आमचं प्रमाणपत्र खोटं आहे. खाली ठळक सही केली. आमचे हे वाचून म्हणाले, "अगं, हे लिहून तू स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेते आहेस." मी म्हटलं, "असू दे. निदान या वेळी धोंडा माझ्या पायावर पडतोय."

धोंडा पडला. उरलेले महिने मला हस्ताक्षरावरून काढून पुठ्ठ्याची खोकी मोजायला बसवलं. निरोपाच्या केकवर माझं नाव चुकलेलं होतं, पण त्याला खास कारण असेल असं वाटत नाही.

मैदानाची सुनावणी झाली. समितीपुढे माझं पत्र वाचलं गेलं. मिसेस हॉबडे उभ्या राहून बोलल्या. मग कौन्सिलीच्या वकिलाने सांगितलं की पन्नास वर्षांपूर्वीची एका टंकलेखिकेची आठवण आणि परदेशातल्या एका कर्मचाऱ्याची आठवण, दोन्ही आदरणीय आहेत, पण दोन आठवणी मिळून कागद होत नाही. आणि तो कागद असता, तरी त्यावर सही नव्हती असं ही कर्मचारी स्वतःच कबूल करते. माझंच वाक्य, माझ्याच पत्रातून, माझ्याच तोंडावर. समितीने विक्री मंजूर केली. मिसेस हॉबडेंनी मला हे पोस्टकार्डावर कळवलं, एकही वाकडा शब्द न लिहिता. वाकडा शब्द असता तर बरं वाटलं असतं.

मैदान गेलं. तिथे आता अठरा घरं आहेत. रस्त्याला नाव दिलंय मैदान मार्ग. पाटीवर तरी मैदान राखलं, असं त्यांना वाटत असावं. आणि आता वरच्या शहाण्यांना नवा साक्षात्कार झालाय की या जिल्हा कौन्सिलीही लहान आहेत. त्याही मोडून आणखी मोठ्या करायच्या चालल्या आहेत. मी त्या वकिलाला एक कार्ड पाठवून विचारलं आहे की तुमच्या शेवटच्या सभेच्या इतिवृत्तावर सही कोण करणार, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा. उत्तर आलेलं नाही. येणारही नाही.

मागच्या महिन्यात इंग्लंडहून एक जाड पाकीट आलं. आत दोन पानं होती, जुन्या टाइपरायटरवर टाइप केलेली, काही अक्षरं जरा वर उडालेली. मार्च १९७४ची सभा. गटाराचं झाकण. मैदान. सर्वानुमते. मिस एम्स यांची विनंती फेटाळण्यात आली. दुसरं पान अर्धं. खाली "अध्यक्ष", आणि टिंबांची ओळ मोकळी. मिसेस हॉबडेंनी आठवणीतून सगळं पुन्हा टाइप केलं होतं. मी वाचत गेले आणि मला एकही शब्द चुकीचा सापडला नाही.

पाकिटात एक चिठ्ठी होती. तिच्यावर एवढंच लिहिलं होतं:

"यावरही सही नाही. या वेळी ठेवाल ना?"